एकोणपन्नास पाई आणि एक गुरुवार

हॉलिनडेन,
शुक्रवार, १४ जानेवारी २०११

श्री. अर्नॉल्ड एन्टविसल,
बेकर, स्केलब्रिज.

महोदय,

आपण मला ओळखता. मी आपला धाकटा भाऊ. गेली एकोणचाळीस वर्षं आपण एकमेकांशी बोललेलो नाही, आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. हे पत्र क्लबच्या कामाचं आहे, तेव्हा भट्टीत घालण्याआधी एकदा वाचावं ही विनंती.

हॉलिनडेन टाउन फुटबॉल क्लबला या एप्रिलमध्ये सव्वाशे वर्षं होतात. त्यानिमित्त क्लबचा साद्यंत इतिहास पुस्तकरूपाने काढायचं ठरलं असून तो लिहिण्याची जबाबदारी सर्वानुमते माझ्यावर टाकण्यात आली आहे. (सर्वानुमते म्हणजे सभेला चारजण होते आणि त्यातला एक मी.) बाकीची प्रकरणं तयार आहेत. अडलंय ते अकरावं, १९७२ सालचं. त्यातला मजकूर आपण तपासून द्यावा. तो असा:

'त्या मोसमात क्लब लीगच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत खालच्या विभागात तळाला गेला. त्या काळी तळाच्या क्लबांना लीगमध्ये ठेवायचं की बाहेर काढायचं, हे इतर क्लबांचे अध्यक्ष मतं टाकून ठरवत. अशी एकोणपन्नास मतं होती. प्रत्येक मतदाराला हॉलिनडेनची नावाजलेली डुकराच्या मांसाची पाई सप्रेम भेट पाठवावी, अशी कल्पना निघाली. पाई येथील बेकर श्री. अर्नॉल्ड एन्टविसल यांनी भाजल्या. त्या खाऊन सात अध्यक्षांची पोटं बिघडली. क्लब दोन मतांनी हरला आणि लीगमधली आमची जागा शेजारच्या स्केलब्रिज रोव्हर्सला मिळाली. पाई कशामुळे बिघडल्या, हे निश्चित कळू शकलं नाही.'

हे सर्व बरोबर असल्यास खाली सही करून पाठवावं. सोबत तिकीट लावलेलं पाकीट जोडलं आहे. आपण सहा मैलांवर राहता, बस थेट दारापर्यंत येते, हे मला माहीत आहे. पण कामाची गोष्ट कागदावर असलेली बरी.

आपला,
सेसिल एन्टविसल
माजी मानद सचिव, तहहयात सदस्य व इतिहासकार

ता. क. लीगच्या बाहेरच्या लीगमध्ये आम्ही सध्या पहिले आहोत. कुणाला बोलू नये, नजर लागते. पहिला येणारा आता सरळ वर जातो, मतंबितं काही नाहीत. शेवटचा सामना तीस एप्रिलला आमच्या मैदानावर आहे आणि तोही तुझ्या स्केलब्रिजशीच. तुमचा क्लब दोन वर्षांपूर्वी घसरून आमच्यात येऊन पडलाय, म्हणून म्हटलं.

*

२ फेब्रुवारी

अर्नॉल्ड,

माझंच पत्र मला परत पाठवलंस. पाकिटात आणखी काही असेल म्हणून झटकलं, तर बेरिलच्या धुतलेल्या चादरीवर पीठ पडलं. त्यावरून मी बायकोकडून जे ऐकून घेतलं त्याची भरपाई तू कधी करणार आहेस?

तांबड्या पेन्सिलीने शुद्धलेखनाच्या पाच चुका काढल्यास. त्यातली एक चूक नाही, मी शब्दकोश पाहिला. 'निश्चित कळू शकलं नाही' याच्याखाली पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत रेघ ओढलीस आणि बाजूला एकच शब्द लिहिलास: 'गुरुवार.' आता गुरुवार म्हणजे काय? मला काही बोध झाला नाही. गुरुवार दर आठवड्याला येतो.

आणि शेवटी माझ्या नावाआधीचा 'आपला' तेवढा खोडलास.

अरे, पत्राच्या शेवटी सगळेच 'आपला' लिहितात. मला गॅस कंपनीसुद्धा लिहिते. पण तू तो कुठल्या अर्थाने घेतलास ते मला कळलं. आपल्या बाजूला घरच्या माणसाचं नाव नुसतं घेत नाहीत, पुढे 'आपला' लागतो. आई दारात पायपुसणं झटकत सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, 'आपला अर्नॉल्ड कुठं उलथलाय? आपल्या सेसिलचं नाक पुस म्हणावं त्याला!' आणि तू येऊन माझं नाक पुसायचास, तेही तुझ्याच बाहीने. बहात्तर सालानंतर तू माझा उल्लेख फक्त 'तो एन्टविसल' असा करतोस, हे मला चार ठिकाणांहून कळलंय. तुझंही आडनाव तेच आहे, हे तुझ्या लक्षात आलंय का?

असो. एक बातमी. आपल्या मुख्य स्टँडला (म्हणजे आमच्या, तुमच्या नव्हे) माझं नाव द्यायचं ठरलंय. मिसेस ॲस्पिनॉल अध्यक्ष आहेत, त्यांचं गालिच्यांचं दुकान आहे आणि त्या कुणालाही नाही म्हणायची संधी देत नाहीत. मी म्हटलं, 'स्टँडला मेलेल्यांची नावं देतात ना?' तर म्हणाल्या, 'तुमच्यासाठी थांबलो तर स्टँड आधी पडेल.' तीस एप्रिलला, सामन्याआधी पडदा सरकवायचा आहे. बोर्ड रंगवायला टाकलाय.

हे मी तुला का सांगतोय, कुणास ठाऊक.

सेसिल एन्टविसल

*

६ मार्च, रविवार

प्रिय अर्नॉल्ड,

दोन महिने होत आले, सही नाही. ठीक आहे. तुझ्यावाचून इतिहास अडत नाही.

पहिल्या प्रकरणाचीच गोष्ट घे. चॅपलच्या गायकवृंदात भांडण झालं, जाड आवाजाचे एका बाजूला आणि बारीक आवाजाचे दुसऱ्या बाजूला. पाद्रीबाबा म्हणाले, मैदानात जाऊन काय ते मिटवा, आणि १८८६ साली क्लब जन्माला आला. मग गिरणीवाल्यांनी जर्सी दिल्या म्हणून आपण 'बॉबिन्स' झालो, सूत गुंडाळायच्या कांड्या. आता आपल्या बोलीत 'बॉबिन' म्हणजे भिकार, हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? सव्वाशे वर्षं झाली, आपलेच लोक 'कम ऑन यू बॉबिन्स' म्हणून ओरडतात आणि पाहुण्यांना वाटतं आपण शिव्या देतोय. बहुतेक शनिवारी तेच खरं असतं. मैदानाचा उतार, एकतीस सालचा बर्फातला सामना, कोपऱ्यावरचा झेंडा गायीने खाल्ला तो प्रसंग, सगळं त्यात आहे. पण तू हे सगळं वाचलेलंच आहेस. तेव्हा अकरा पानं होती.

हो, मीच ते पानांचं काढलं. विसर.

गेल्या आठवड्यात बेरिलने अकरावं प्रकरण वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती चष्मा काढते तेव्हा मी सहसा अंगणात जातो, पण पाऊस होता.

'हे काय लिहिलंयस?' म्हणाली.

'इतिहास.'

'निश्चित कळू शकलं नाही म्हणे! कुणाला कळू शकलं नाही?'

'क्लबला.'

'सेसिल, त्या वेळी तुमच्या बॉबिन्सच्या घामट जर्सी कोण धूत होतं?'

'तू.'

'मग त्या वाळवायच्या खोलीत कोण जात होतं?'

मी म्हटलं, पाऊस थांबलाय वाटतं. थांबला नव्हता. भिजून आलो तर जेवणाच्या टेबलावर कोरा कागद, पेन आणि रिकामी बशी. 'खरं लिहिशील त्या दिवशी बशीत काहीतरी पडेल,' म्हणाली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाशी असं वागतात का? तेव्हापासून मी मैदानावरच्या खिडकीत मिळते ती कारखान्याची पाई खातोय. वरून सिमेंट, आत बर्फ. मधे काय असतं ते मी कधी विचारलं नाही.

तिथं उभा असताना स्टँडमधून तुझं गाणं ऐकू आलं. अजून म्हणतात ते. बहात्तर साली जन्मलेसुद्धा नव्हते असे लोक ताल धरून म्हणतात:

'अर्नॉल्डची खाल्ली पाई,
लीगमध्ये जागा नाही!'

मी त्यांना कधी थांबवलं नाही. एकदोनदा मीही ओठ हलवलेत. वाईट चाल नाही.

सेसिल

*

२९ मार्च

प्रिय अर्नॉल्ड,

खोका पोचला. तुझी व्हॅन कोपऱ्यावर वळताना मी खिडकीतून पाहिली. ब्रेक लावायला शिक आता, एकोणऐंशी वर्षांचा झालास.

चार पाई. प्रत्येकीवर पिठाचं एकेक अक्षर. आपले बाबा असंच करायचे, कोणती कुणाच्या घरची ते कळावं म्हणून. मला इतका आनंद झाला की मी त्या टेबलावर मांडून शेजारच्यांनासुद्धा बोलावलं. पण वाटेत खोका हलला असावा, कारण वाचलं तर 'टाडारखो' असं निघालं. मला वाटलं वेल्समधलं गाव असेल. तिथं तू सुट्टीला गेला असशील आणि पुन्हा नातं जोडायचा हा तुझा प्रकार असेल. मी नकाशा काढला. शेजारचा म्हणाला, पोलंडमधलं असू शकेल.

मग बेरिल आली. तिने दोन पाई उचलल्या, इकडच्या तिकडे ठेवल्या, तिसरी सरकवली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

खो. टा. र. डा.

शेजारी घरी गेले.

मी रागाने 'खो' उचलली आणि खाल्ली. अर्नॉल्ड, मी काय सांगू? ते वरचं कवच, ती मिरी, कडेला साठलेलं ते गार जेलीसारखं. एकोणचाळीस वर्षं मी आपल्या घरची पाई खाल्ली नव्हती. बाबा पत्र्याच्या टेबलाशी उभे आहेत, तू कवचाच्या कडा चिमटीने दाबतोयस आणि मी खाली बसून पडलेलं पीठ खातोय, असं सगळं एकदम आलं. मी रडलो. बेरिलने 'डा' खाल्ली, तीही रडली, पण ती म्हणते मिरीमुळे.

तुझी मार्जरी वारली तेव्हा मी आलो होतो. तुला माहीत नाही. चॅपलच्या आत आलो नाही, समोरच्या बसथांब्यावर उभा होतो. तीन बस सोडल्या. चौथीचा ड्रायव्हर म्हणाला, 'काका, चढायचंय की नाही?' तू बायकोची शवपेटी उचलून बाहेर आलास, आणि एका बाजूला जिथं भावाने खांदा द्यायला हवा होता तिथं स्केलब्रिजचा मैदानकामगार होता. मी बसमध्ये चढलो. मला लाज वाटली, आणि आजही वाटते.

उरलेल्या 'टा' आणि 'र' अजून फ्रिजमध्ये आहेत. त्या खायचा हक्क मला अजून नाही, असं बेरिलचं म्हणणं आहे.

सेसिल

*

१७ एप्रिल

प्रिय अर्नॉल्ड,

गुरुवार.

तू गुरुवारीच दिल्या होत्यास. सकाळी साडेसातला हातगाडीवरून एकोणपन्नास खोकी आणलीस, प्रत्येकावर सुतळी, आणि म्हणालास, 'नऊच्या टपालाने गेल्या पाहिजेत, सेसिल. उद्या पोचतील, परवापर्यंत खातील. ही डुकराची पाई आहे, दगड नाही.' मी म्हटलं, 'निश्चिंत राहा.' हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

पण माझं पत्र व्हायचं होतं. नुसती पाई पाठवून काय उपयोग? खाणाऱ्याला कळायला नको का, हा क्लब काय आहे ते? मी ठरवलं, प्रत्येक पाईबरोबर क्लबचा संक्षिप्त इतिहास जायला हवा. तो संक्षेप अकरा पानांचा झाला. गायकवृंद एका पानात बसेना. गायीला दीड पान लागलं. ते सगळं टाइप करून सायक्लोस्टाइल करायचं, एकोणपन्नास प्रती. गुरुवारी चार पानं झाली. शुक्रवारी मशीनची शाई संपली. शनिवारी एकतीस सालच्या सामन्यात एक गोल कमी धरला गेल्याचं लक्षात आलं आणि मी पुन्हा पहिल्यापासून बसलो.

तोवर खोकी ठेवायची कुठं? जर्सी वाळवायच्या खोलीत जागा होती. छान कोरडी खोली. तिथले बॉयलरचे नळ गरम असतात हे मला ठाऊक होतं, पण मोसम संपल्यावर बॉयलर कोण पेटवतो? बेरिल. सगळ्या जर्सी मोसमाअखेर धुवायच्या होत्या. तिने शनिवारी मला विचारलंसुद्धा, 'त्या पाई तिथं काय करतायत?' मी मान वर न करता म्हटलं, 'नवव्या पानाची वाट बघतायत.'

सोमवारी टपालात टाकल्या. जून महिना होता.

सात अध्यक्ष, अर्नॉल्ड. मतदान चालू असताना ते आळीपाळीने बाहेर जात होते. त्यातल्या एकाने दारात मला गाठून विचारलं, 'ती गायीची गोष्ट तुम्ही लिहिलीत?' मला वाटलं कौतुक करणार. तो म्हणाला, 'ती वाचतानाच सुरू झालं.'

मग संचालकांची सभा. त्यांनी विचारलं, पाई टपालात कधी टाकल्या? तू समोर बसला होतास, टोपी मांडीवर घेऊन. तू माझ्याकडे पाहिलंस. तुला खात्री होती मी खरं सांगेन. आणि मी म्हटलं, 'गुरुवारी.'

एवढा एकच शब्द. मी पस्तीस वर्षांचा होतो, सचिव होऊन चार वर्षं झाली होती, आणि क्लब माझ्या अकरा पानांमुळे बुडाला हे मला उच्चारता येईना. त्यापेक्षा तुझं मांस खराब होतं, हे सोपं होतं. महिन्याभरात तुझ्या दुकानात कुत्रं फिरकेना. तू बाबांचं दुकान बंद करून स्केलब्रिजला गेलास आणि मी सगळ्यांना सांगत राहिलो की तू शत्रूला जाऊन मिळालास.

मी खोटारडा आहे. 'टाडारखो' म्हण, काहीही म्हण.

हे पत्र धाडण्याआधी मी मिसेस ॲस्पिनॉलच्या दुकानात जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्या एका गुंडाळलेल्या गालिच्यावर बसल्या.

'म्हणजे एकोणचाळीस वर्षं आपण लीगच्या बाहेर आहोत ते तुमच्या गायीमुळे?'

'गाय दीडच पान होती.'

'सेसिल, बोर्ड रंगवून झालाय!'

मी म्हटलं, स्टँडला माझं नाव देऊ नका. अकरावं प्रकरण मी नव्याने लिहिलंय, ते तीस तारखेच्या सामन्याच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर छापा. त्या म्हणाल्या, 'किती पानांचं आहे?' मी सांगितलं, अर्धं. तेव्हा त्यांचा विश्वास बसला.

अर्धं पान सोबत पाठवतोय. यात चूक असेल तर तांबडी पेन्सिल चालव.

अर्नॉल्ड, तू ये. माफी मागायला मी तुझ्याकडे यायला हवं, पण मला तू इथं हवा आहेस, ज्या मैदानातून तुला माझ्यामुळे जावं लागलं तिथं. स्केलब्रिजच्या बाजूला बस हवं तर. माझ्याकडे बघूही नकोस. पण त्या गाण्यासमोर तुला एकदा ताठ मानेने बसलेलं मला बघायचं आहे. आपण दोघं मिळून एकशेत्रेपन्न वर्षांचे आहोत. पुढचा मोसम कुणी पाहिलाय?

बेरिलने आज बशीत चॉप वाढले.

सेसिल

*

२ मे

आपला अर्नॉल्ड यास,

शनिवारी मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. तू नक्की म्हणाला असशील, हा एन्टविसल बदलला नाही. म्हणून लगेच लिहितोय.

तू दिसला नाहीस म्हणून मी दोन वाजल्यापासून दुर्बीण लावून पाहुण्यांची बाजू चाळत होतो. शेवटी शिपाई येऊन म्हणाला, तिकडच्या बायका तक्रार करतायत. मग बोर्डाचा पडदा सरकवला. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. टाळ्या पडल्या म्हणून वर पाहिलं, तर रंगाऱ्याने 'सेसिल'वर पांढरा हात मारला होता, तोही एकच, त्यामुळे उन्हात तो आतून पुसट दिसत होता. पुढे लिहिलेलं तसंच होतं: 'एन्टविसल स्टँड.' मिसेस ॲस्पिनॉल माझ्या कानात म्हणाल्या, 'आडनाव पुसायचं काही कारण नव्हतं. त्यात तुमच्या भावाचाही वाटा आहे.'

लोकांनी पुस्तिका वाचली होती. मला वाटलं होतं अंड्यांचा मारा होईल. तसं काही झालं नाही. फक्त विसाव्या मिनिटाला सगळा स्टँड, माझ्या आडनावाचा स्टँड, माझ्याकडे वळून गाऊ लागला:

'अर्नॉल्डची खा रे पाई,
सेसिलला अक्कल नाही!'

चाल तीच. मी उभा राहून टोपी काढली. दुसरं काय करणार?

मध्यंतराला तुम्ही एक गोलने पुढे होतात. आम्हाला बरोबरी हवी होती, तेवढ्यावर वर जात होतो, आणि आमचे बॉबिन्स चढाच्या बाजूने धापा टाकत होते. मला ते बघवेना. तेवढ्यात वास आला. मिरीचा. मी साठ वर्षं या क्लबचा एकही गोल चुकवलेला नाही, आईच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा पहिला अर्धा बघून गेलो होतो. पण त्या वासाने मी जागेवरून उठलो.

खिडकीशी रांग स्टँडच्या टोकापर्यंत गेली होती. पुढच्याने सांगितलं, 'स्केलब्रिजचा कुणी म्हातारा व्हॅन घेऊन आलाय. आल्या आल्या कारखान्याच्या पाई उकिरड्यावर फेकल्या आणि खिडकीतल्या डोरीनला म्हणतो, सरक बाई, भट्टी दाखव.' मी रांगेत उभा राहिलो. इतिहासकार म्हणून पुढे घुसता आलं असतं, पण घुसलो नाही. शहाऐंशीव्या मिनिटाला माझा नंबर आला.

तू पुरता टकला झालायस. तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

तू चिमटा हातात धरून माझ्याकडे बघत राहिलास. डोरीन म्हणाली, 'काय द्यायचं यांना? कोण आहेत हे, तुमच्या ओळखीचे?' मागे लोक कुरकुरत होते. तू पाई कागदात गुंडाळलीस, तिच्या कडा बोटाने चाचपल्यास, आणि तिला म्हणालास, 'हा? हा आपला सेसिल.' मग माझ्याकडे वळलास. 'घे. गरम आहे. आत्ता खा. सोमवारपर्यंत ठेवू नकोस.'

आणि तेवढ्यात मागे तो आवाज झाला.

तू वळून पाहिलं नाहीस आणि मीही पाहिलं नाही. रांगेतले सगळे पळाले, डोरीन भट्टी उघडी टाकून पळाली, वरच्या फळ्या दणाणत होत्या, आणि आपण दोघं मधे खिडकी ठेवून उभे होतो. गोल कसा झाला ते मला नंतर लोकांनी सांगितलं. कोपऱ्यावरून आलेला चेंडू आपल्या बॅरी क्लेगच्या ढुंगणाला लागून आत गेला. त्याला स्वतःलाही मागाहून कळलं. एकोणचाळीस वर्षांनी आपण लीगमध्ये परत आलो ते असे. पुस्तकात मी 'शरीराच्या मागील भागाने' असं लिहिलंय, आणि खाली टीप दिलीय की प्रस्तुत इतिहासकाराने हा गोल पाहिला नाही, तो त्या वेळी पाई घेत होता.

तुला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं होतं. काहीच आलं नाही. नंतर सगळ्यांना मी सांगितलं की तोंडात पाई होती. खरं म्हणजे तेव्हा मी चावाही घेतला नव्हता. तू गेल्यावर तिथंच उभ्याउभ्या, गरम गरम, सगळी खाल्ली. जीभ चांगलीच भाजली. बोलता येत नाही हे एका अर्थी खरंच आहे, डॉक्टर म्हणतात चार दिवस.

ते चार दिवस गुरुवारी संपतात. गुरुवारी सकाळी साडेसातला मी तुझ्या दुकानाच्या दारात उभा असेन. बस सहा पन्नासची आहे. या वेळी उशीर होणार नाही, सोबत लिहायला काहीही आणणार नाही.

शुद्धलेखनाच्या चुका काढ, हवी तेवढी पेन्सिल झिजव. फक्त खालच्या दोन शब्दांमध्ये मी स्वल्पविराम घातलेला नाही, तो तू घालू नकोस.

आपला सेसिल